चेहऱ्याची लाली आणि उसना गोरेपणा

मराठी बोलण्यात गालांवरच्या लालीला मानाचे स्थान आहे. ती आरोग्याची, तारुण्याची, क्वचित लज्जेची खूण मानली जाते. परंतु हीच लाली चेहऱ्यावर ठाण मांडून बसली, तिच्यासोबत आग होऊ लागली, नाकाच्या कडेला बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे उमटू लागले, की कौतुकाचा सूर मावळतो. ‘अंगात उष्णता वाढली’, ‘रक्त बिघडले’, ‘पोट साफ नाही’ अशी निदाने घरातच होतात. मग ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतील एखाद्या गजबजलेल्या रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक लहानशी ट्यूब घरी येते. प्रस्तुत लेखाचा विषय ही लाली आणि ही ट्यूब असा दुहेरी आहे. कारण आपल्या देशात पहिलीचे मूळ पुष्कळदा दुसरीत सापडते.

रोझेशिया म्हणजे काय?

चेहऱ्याच्या मध्यभागी, म्हणजे गाल, नाक, हनुवटी आणि कपाळ या भागांत दीर्घकाळ राहणाऱ्या दाहाला वैद्यकशास्त्रात ‘रोझेशिया’ म्हणतात. गुलाबी रंगाचा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. हा विकार बहुधा वयाच्या तिशीनंतर डोके वर काढतो. स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. नाकाची त्वचा जाड व खडबडीत होण्याचा प्रकार मात्र पुरुषांत जास्त दिसतो. हा विकार संसर्गजन्य नाही. एकाच्या टॉवेलाने दुसऱ्याला तो होत नाही, आणि अस्वच्छतेशीही त्याचा संबंध नाही.

त्याची पावले साधारणपणे अशी पडतात. प्रथम चेहरा वरचेवर तापतो आणि लाल होतो, पण थोड्या वेळाने निवतो. पुढे निवण्यास वेळ लागू लागतो. त्यानंतर लाली कायमची होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या डोळ्यांना दिसू लागतात, मुरमांसारखे लाल फोड आणि पू भरलेल्या पुटकुळ्या येतात. काही जणांच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पापण्यांच्या कडा सुजतात, रांजणवाडी वारंवार येते. डोळ्यांची ही लक्षणे कधी कधी त्वचेच्याही आधी दिसतात. त्यांची उपेक्षा झाल्यास बुबुळावरील पारदर्शक पडद्याला इजा होऊ शकते. म्हणून अशा वेळी नेत्रतज्ज्ञांना दाखवणे अगत्याचे आहे.

हे का घडते, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्वचेची स्वाभाविक संरक्षणव्यवस्था येथे अति उत्साहाने काम करते. २००७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले, की अशा रुग्णांच्या त्वचेत ‘कॅथेलिसिडिन’ नावाचे जंतुनाशक प्रथिन प्रमाणाबाहेर आणि बदललेल्या रूपात आढळते. जंतूंपासून रक्षण करणारा हा पदार्थच मग दाह निर्माण करतो. त्वचेतील मज्जातंतू उष्णतेला आणि तिखटातील कॅप्सेसिन या द्रव्याला चटकन प्रतिसाद देतात व रक्तवाहिन्या पसरतात. बहुतेक प्रौढांच्या चेहऱ्यावर केसांच्या मुळाशी राहणारे ‘डेमोडेक्स’ हे सूक्ष्म जीव रोझेशियाच्या त्वचेवर अधिक संख्येने असतात. आनुवंशिकतेचाही वाटा असतोच.

सावळ्या त्वचेतील लपलेली लाली

हा गोऱ्या युरोपीय लोकांचा रोग आहे, असा समज दीर्घकाळ होता. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर लाली ठळक दिसत नाही. ती तपकिरी किंवा किंचित जांभळट छटेत लपते. त्यामुळे आपल्याकडे हा विकार अनेकदा मुरूम, वांग किंवा ‘अॅलर्जी’ या नावांखाली वावरतो. रंगापेक्षा संवेदनेकडे लक्ष दिल्यास तो लवकर ओळखता येतो. चेहरा वारंवार गरम होणे, नेहमीचा साबण वा क्रीम अचानक चुरचुरू लागणे, त्वचा कोरडी व ताणल्यासारखी वाटणे, या त्याच्या खुणा होत. चेहरा पाहावा तो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. मोबाइलवर छायाचित्र काढायचे झाल्यास चेहरा उजळ करणारी सोय आधी बंद करावी. नाहीतर यंत्रच लक्षण पुसून टाकते.

समाजाच्या नजरेचाही एक प्रश्न येथे आहे. लाल, फुगीर नाक म्हणजे मद्यपानाची खूण, ही समजूत जगभर आहे. मद्याने काहींची लाली भडकते हे खरे. परंतु रोझेशिया मद्यामुळे होत नाही, आणि मद्याचा थेंबही न घेतलेल्या माणसाला तो होऊ शकतो. जे. पी. मॉर्गन (१८३७–१९१३) हा अमेरिकेतील बलाढ्य बँकमालक या विकाराने विद्रूप झालेल्या नाकामुळे छायाचित्र काढून घेण्यास नाखूश असे आणि त्याच्या छायाचित्रांवर हात फिरवून नाक सुधारले जाई. ज्याच्या शब्दावर बाजार हलत, त्यालाही जर लोकांच्या नजरेचा धसका होता, तर निर्व्यसनी घरातील एखाद्या गृहस्थाला शेजाऱ्यांची कुजबुज किती लागत असेल, याची कल्पना करावी. अशा माणसाला घरच्यांनी तरी संशयाने पाहू नये.

ट्यूबची कथा

आता त्या लहानशा ट्यूबकडे वळू. १९५२ साली अमेरिकेतील सुल्झबर्गर आणि विटन या वैद्यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचारोगांवर गुणकारी ठरते असे दाखवले आणि त्वचाचिकित्सेत नवे पर्व सुरू झाले. इसब, सोरायसिस, कोड अशा विकारांत स्टेरॉइड मलमांनी असंख्य रुग्णांना दिलासा दिला आहे व आजही देत आहेत. तेव्हा स्टेरॉइड हा शब्द ऐकताच दचकण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कोणते, कोठे, किती दिवस आणि कोणाच्या सल्ल्याने, हा.

या मलमांचा एक गुण येथे महत्त्वाचा ठरतो. ती लावताच त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ती जागा फिकट पडते. हा परिणाम इतका नेमका असतो, की १९६२ साली मॅकेन्झी व स्टॉटन यांनी त्वचा किती फिकट पडते यावरून स्टेरॉइडची ताकद मोजण्याची पद्धत बसवली. चेहऱ्यावर दिसणारा ‘उजळपणा’ म्हणजे पुष्कळ अंशी हेच फिकटणे. लाली जाते, खाज थांबते, मुरूम दबतात. चार दिवसांत चेहरा नितळ दिसतो. लग्नसराईच्या तोंडावर, मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाआधी किंवा नोकरीच्या मुलाखतीपूर्वी हा चमत्कार हवाहवासा वाटला तर नवल नाही.

परंतु हे उसने घेतलेले रूप असते आणि त्यावरील व्याज चढते असते. आठवडे-महिने मलम चालू राहिले, की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या कायमच्या पसरतात, बारीक लव वाढते, मुरूम व बुरशीचा संसर्ग बळावतो. मलम थांबवताच काही दिवसांत चेहरा लालबुंद होतो, भाजल्यासारखी आग होते, पुटकुळ्या उसळतात. घाबरलेला माणूस पुन्हा तीच ट्यूब काढतो, आराम पडतो, आणि चक्र सुरू राहते. १९६९ साली इंग्लंडमधील त्वचारोगतज्ज्ञ इयन स्नेडन यांनी तीव्र स्टेरॉइड मलमांनी रोझेशिया कसा चिघळतो याविषयी सावध केले होते. आपल्या देशातील या अवस्थेला कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ या अर्थाचे स्वतंत्र नाव दिले, कारण असे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात रोज दिसू लागले होते.

हा बागुलबुवा नाही. डॉ. अबीर सारस्वत, डॉ. लाहिरी आणि इतरांनी देशातील १२ त्वचारोग केंद्रांवर केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, स्टेरॉइड मलम लावत होते. त्यांतील २९ टक्के लोक ते गोरेपणासाठी, नेहमीचे क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावण्यासाठी वापरत. ५९.३ टक्के लोकांना ते डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने सुचवले होते. आणि ४३३ पैकी ३९२ जणांवर, म्हणजे ९०.५ टक्क्यांवर, दुष्परिणाम दिसून आले. हे आकडे सावकाश वाचावेत. शेजारणीचा सल्ला, मैत्रिणीचा अनुभव आणि दुकानदाराची तत्परता यांची बेरीज त्यांत आहे.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा विषय लावून धरला. अखेर मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ स्टेरॉइड द्रव्यांच्या मलमांना ‘अनुसूची एच’मध्ये आणले. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकणे नियमबाह्य आहे. परंतु नियमाचे बळ शेवटी ग्राहकाच्या सवयीवर अवलंबून असते. चिठ्ठी न मागणारा दुकानदार आणि चिठ्ठी न देणारा ग्राहक यांचे संगनमत असेल, तर कायदा काउंटरवर नुसता उभा राहतो.

म्हणून ट्यूबवरील घटकांची नावे वाचण्याची सवय लावावी. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव आढळले, तर ते स्टेरॉइड आहे असे समजावे. ‘तीन औषधांचे मिश्रण’ असलेल्या, वांगासाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या मलमांत हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांच्या जोडीला बहुधा स्टेरॉइड असते. गजकर्णावर म्हणून मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांतही ते असते. बिनलेबलच्या डबीतून मिळणारे ‘खास’ क्रीम तर चेहऱ्याला लावूच नये.

असे मलम आधीच सुरू असेल, तर काय करावे? घाबरून ते एकाएकी फेकून देऊ नये आणि गुपचूप चालूही ठेवू नये. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि किती महिने लावले ते खरे सांगावे. काहींना ते थेट बंद करतात, काहींना सौम्य स्टेरॉइडच्या पायऱ्यांनी उतरवतात, काहींना टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइड नसलेले औषध किंवा पोटातून प्रतिजैविक देतात. बंद केल्यानंतरचे काही आठवडे कठीण जातात. त्या काळात चेहरा पूर्वीपेक्षा वाईट दिसतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरातील माणसांच्या धीराची गरज असते. ‘डॉक्टरांनी बिघडवले’ हा शेरा रुग्णाला पुन्हा त्या ट्यूबकडे ढकलतो.

प्रत्येक लाली रोझेशिया नव्हे

भुवयांत व नाकाच्या कडांना पिवळसर कोंडा असेल, तर तो तेलकट त्वचेचा दाह असू शकतो. काळ्या टोकाच्या पुळ्या असतील, तर मुरूम असण्याचा संभव अधिक; रोझेशियात त्या नसतात. खाज फार असेल, तर केसांचा कलप, टिकलीचा गोंद किंवा नवे प्रसाधन यांची अॅलर्जी तपासावी. चाळिशी-पन्नाशीतील स्त्रियांमध्ये अंगभर उसळणारी उष्णता व रात्रीचा घाम रजोनिवृत्तीमुळे असतो. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनीही चेहरा लाल होतो. मात्र त्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

दोन शक्यता विशेष लक्षात ठेवाव्यात. दोन्ही गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली, जोडीला सांधेदुखी, ताप, तोंडातील व्रण किंवा केस गळणे असेल, तर ‘ल्युपस’ या गंभीर विकाराची तपासणी हवी. आणि चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल किंवा कानाच्या पाळ्या जाड झाल्या असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी निःसंकोच करून घ्यावी. त्यावरील औषध मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

दिनचर्येतील सावधपणा

रोझेशिया मुळासकट नाहीसा होत नाही. तो आटोक्यात राहतो. त्यासाठी ज्याचे त्याने स्वतःचे भडकवणारे कारण शोधावे लागते. एका साध्या वहीत महिनाभर रोजचा जमाखर्च मांडावा: आज ऊन किती वेळ, काय खाल्ले, झोप कशी, मनस्ताप झाला का, आणि चेहरा केव्हा तापला. महिन्याअखेरीस ताळेबंद आपोआप दिसतो, आणि सगळेच पदार्थ सोडण्याची वेळ येत नाही.

सर्वांत मोठा भडकावणारा म्हणजे ऊन. ठाणे-डोंबिवलीच्या दमट हवेत ऊन आणि घाम दोन्ही एकत्र गाठतात. सकाळच्या गर्दीत फलाटावर उभे राहताना छपराखालची जागा, छत्री व सैल सुती ओढणी उपयोगी पडते. घट्ट बांधलेला कृत्रिम धाग्याचा स्कार्फ मात्र आतली उष्णता कोंडतो. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० वा अधिकचे सनस्क्रीन लावावे आणि उन्हात राहायचे असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

दुसरी बाब चहाची. १९८१ साली अमेरिकेतील डॉ. जोनाथन विल्किन यांनी रोझेशियाच्या रुग्णांवर प्रयोग करून दाखवले, की चेहरा लाल करतो तो पेयाचा उष्णपणा. कॉफीतील कॅफिनकडे तो दोष जात नाही. गरम पाण्यानेही तसाच परिणाम झाला. अर्थात चहाप्रेमींनी व्रत घेण्याची गरज नाही. कप थोडा निवू द्यावा. तपश्चर्येच्या दिवसांत उकळलेले पाणी घेणाऱ्यांनीही ते पूर्ण निववून घ्यावे.

स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी देताना तोंड कढईवर धरू नये, पंखा किंवा धूर बाहेर टाकणारे यंत्र चालू ठेवावे, आणि पोळ्या लाटणे-भाजणे सलग न करता मध्ये थंड पाण्याचा हबका घ्यावा. सर्दीसाठी वाफ घेणे, ब्युटी पार्लरमधील ब्लीच व वाफेचे फेशियल, लिंबू, टूथपेस्ट, खसखशीत उटणे या साऱ्यांपासून अशी त्वचा दूर ठेवावी. सौम्य, बिनवासाचे फेसवॉश, कोमट पाणी, टॉवेलाने न घासता टिपणे आणि साधे मॉइश्चरायझर एवढे पुरेसे आहे. नवे प्रसाधन एका वेळी एकच आणून आधी कानामागे लावून पाहावे.

औषधोपचार

लावण्यासाठी मेट्रोनिडॅझोल, अॅझेलाइक आम्ल आणि आयव्हरमेक्टिन ही मुख्य औषधे. आयव्हरमेक्टिन हे डेमोडेक्स जीवांवर परिणाम करते. ज्यांच्या मनाला ते पटणार नाही, त्यांनी संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. अन्य पर्याय उपलब्ध आहेत. पुटकुळ्या अधिक असल्यास डॉक्सिसायक्लिन पोटातून काही आठवडे दिले जाते. हे औषध भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभे राहून घ्यावे लागते. अन्यथा अन्ननलिकेला जखम होते. म्हणून चौविहार पाळणाऱ्यांनी ते डॉक्टरांच्या कानावर घालून औषधाची वेळ दिवसाची ठरवून घ्यावी. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. गोळीच्या रूपातील औषध मागता येते. गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. उमटलेल्या रक्तवाहिन्यांसाठी लेझर उपयोगी पडतो. परंतु आपल्या वर्णाच्या त्वचेवर डाग राहण्याचा धोका असल्याने तो अनुभवी हातांकडूनच करून घ्यावा. कोणत्याही उपचाराला सहा ते आठ आठवडे द्यावेत.

खासगी तज्ज्ञांचा खर्च झेपत नसेल, तर महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. मध्य रेल्वेने पुढे गेल्यास शीवचे लोकमान्य टिळक आणि परळचे केईएम ही रुग्णालये आहेत. या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाचे स्वतंत्र विभाग असतात. कोठेही गेले तरी पाटीवर त्वचारोगातील एम.डी., डी.एन.बी., डी.व्ही.डी. किंवा डी.डी.व्ही.एल. यांपैकी पदवी आहे ना, हे पाहून घ्यावे.

या आठवड्यात एक लहानसे काम प्रत्येक घरात करता येईल. कपाटाचा खण उघडावा, जमलेल्या ट्यूबा बाहेर काढाव्यात, भिंगाने त्यांवरील बारीक अक्षरे वाचावीत. ज्या कोणी वापरत नाही, त्यांतील जुन्या व मुदत संपलेल्या काढून टाकाव्यात. जी एखादी कुणी चेहऱ्याला लावत असेल, तिच्याविषयी त्या व्यक्तीशी प्रेमाने बोलावे आणि तिला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. घरातील तरुण मुलीला ‘जरा उजळ दिसतेस’ असे म्हणण्यापूर्वी, तो उजळपणा कोठून आला आहे, हेही एकदा विचारावे.